करड्या कूपेच्या मागे

ज्या वर्षी नेव्हिओच्या घरी ओर्नेला जन्मली, त्याच वर्षी मी त्या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. नेव्हिओ पियाचेन्झा शहरात पाळणा आणायला गेला आणि मला घेऊन परतला. त्याची बायको इर्मा दारातच म्हणाली, "माणसं तीन, गाडी दोघांची! डिकीत कोणाला घालणार, मला की पोरीला?"

"पोरीला मांडीवर घे आणि बस की!"

ओर्नेला तशी मांडीवर बसूनच वाढली.

माझा पत्रा कारागिरांनी हाताने ठोकून घडवला आहे. थंडीत मी चटकन सुरू होत नाही. चोक ओढून थांबावं लागतं. पण घाटाच्या वळणावर चाकांखालचा रस्ता कसा आहे, हे मी नेव्हिओच्या तळहातांना सांगत असे. सतरा जानेवारीला, संत अंतोनियोच्या सणाला, चौकात गाई, कुत्री आणि गाड्या रांगेत उभ्या राहत आणि पाद्रीबाबा सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडत. नेव्हिओने तो सण कधी चुकवला नाही. इर्मा गेली, त्या वर्षीही नाही.

पुढे ओर्नेलाने करडी कूपे गाडी घेतली. तिलाही दोनच दारं. बटण दाबलं की सुरू, बैठक आपोआप गरम, मागे मांजर आलं तरी ओरडणार.

"बाबा, ही चूक होऊच देत नाही."

"मग तू आत बसून करतेस काय?"

मला कूपेचा हेवा वाटला नाही. फक्त ती माझ्या गॅरेजच्या दारासमोर उभी राहू लागली आणि फटीतून येणारा उजेड गेला.

२०२० साली सण शुक्रवारी आला. शुक्रवारची सतरा तारीख आमच्याकडे फार अशुभ मानतात.

"आज गाडी काढायची नाही, बाबा."

"अगं, संताचा दिवस अशुभ कसा?"

"मग संतालाच सांगा, उद्या या म्हणावं! तुम्हाला धड दिसतं का आता? वसंतात मीच नेते तुम्हाला. शप्पथ!"

तिने कूपे गॅरेजच्या दाराला अगदी चिकटवून लावली आणि तिची किल्ली घेऊन बसने कामावर गेली. नेव्हिओ स्वयंपाकघरातल्या दाराने माझ्याकडे आला. मधल्या फटीतून हात घालून त्याने कूपेला ढकलून पाहिलं. मला ब्रेक सोडून कोणीही ढकलू शकतो. ती किल्लीशिवाय तसूभर हलली नाही. मग तो टोपी घालून माझ्यात बसून राहिला. चौकाकडे निघालेल्या गाड्यांनी गल्लीत भोंगे वाजवले. नेव्हिओनेही माझा भोंगा एकदाच दाबला.

वसंत आला तो आजार घेऊन. कोणालाच घराबाहेर पडता येईना. कूपे जागच्या जागी धुळीने माखली, तिची बॅटरी उतरली. एवढी वेगवान, पण तीही माझ्यासारखीच अडकली.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाला आणि जुन्या गाडीला जरूर जपा, पण कोंडून ठेवू नका. शेजारी बसा, रस्ता सांगा, आणि त्यांना जाऊ द्या.

ओर्नेला आता कूपे गल्लीच्या टोकाला लावते. माझ्या दारासमोर काही नसतं.

नेव्हिओ तेवीस मार्च २०२० रोजी पियाचेन्झाच्या रुग्णालयात वारला.