भाराखालचा आवाज

मी एक जुनी छकडी आहे, मित्रांनो. दोन बैलांची, वजनाला हलकी, केवळ शर्यतीसाठी घडवलेली. ठाकुर्लीच्या एका गोठ्यामागे मला कुडाला टेकवून ठेवले आहे. माझे जू आता कोणाच्याही मानेवर चढत नाही.

कल्याणच्या गुणाजी सुताराने मला घडवले. चाकाच्या मधला बाभळीचा तुंबा त्याने स्वतः कोरला आणि त्यात लोखंडी नळी ठोकली. गाडीचा आस याच नळीत बसतो. माझा धनी दौलत. भातकापणीनंतर मोकळ्या शेतांत शर्यती होत. उजवीकडे सर्जा, डावीकडे तांब्या. तांब्याची आई तो जन्मताच मेली, तेव्हा दौलतच्या बायकोने, शेवंतीने, त्याला भाताची पेज पाजून जगवले होते. आम्ही जिंकत असू, आणि लोक माझ्या चाकांवरून कौतुकाने हात फिरवत.

पुढे एका हंगामात माझे डावे चाक वाजू लागले. दौलत चढून बसला आणि बैल दौडू लागले की दर फेऱ्याला आतून ठोका येई, आणि मी डावीकडे ओढली जाई. आम्ही हरलो. कोणीतरी हसत विचारले, "दौलत, गाडी पळवतोस की भात भरडतोस?"

गुणाजी आला. त्याने मला टेकू देऊन उचलले, चाक हाताने फिरवले, कान लावला. चाक निमूट फिरले. गाडीत खोट नाही, असे सांगून तो गेला. मग डावीकडचा तांब्याच पाय ओढतो, असे दौलतच्या मनाने घेतले.

शेवंतीने तांब्याचे खूर चाचपून पाहिले. "त्याचा पाय धड हाय, अवो. गाडीच कण्हते."

"गुणाजीनं चाक फिरवलं ना? आला आवाज?"

"रिकामी कशाला कण्हेल ती?"

दौलतने तांब्याला कल्याणच्या बाजारात घाटावरच्या एका व्यापाऱ्याला विकले. जनावर दिले तरी दावे द्यायचे नाही, या रीतीने दावे तेवढे घरी आले. मला सारे ठाऊक होते, पण ठोक्यावाचून दुसरी भाषा मला नव्हती.

नवा बैल जुंपला. पहिल्याच दौडीत तोच ठोका.

या वेळी गुणाजीने दौलतला वर बसवून गाडी हळूहळू चालवायला लावली. स्वतः सोबत चालत त्याने काठीचे एक टोक माझ्या तुंब्यावर टेकवले, दुसरे कानाशी धरले. मग चाक उतरवले. नळीला उभी चीर गेली होती. भार पडला की ती फाके, भार उतरला की मिटे.

"चूक माझी," तो खाली मान घालून म्हणाला. "मी रिकामं चाक फिरवलं."

त्याने नवी नळी बसवली, वंगण भरले. माझा आवाज थांबला.

दौलत दावे खांद्यावर टाकून बाजारात गेला. व्यापारी केव्हाच घाट चढून गेला होता. त्याचे गाव कोणालाच सांगता येईना. दौलत परतला तेव्हा शेवंती पेजेची बादली भरून अंगणात उभी होती. त्याच्या मागे कोणी नाही, हे तिने पाहिले. बादली उचलून तिने नव्या बैलापुढे ठेवली, कारण दोष त्याचाही नव्हता.

त्यानंतर मी शर्यतीत उतरले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचे एखादे चाक कण्हू लागले, तर ते भाराखाली ऐका, उघडून पाहा. ओढणाऱ्याला तोवर बोल लावू नका. माझी नळी नवी मिळाली. माझ्या जुवाच्या डाव्या टोकाला तांब्याचे दावे मात्र अजून अडकवलेले आहे, आणि शेवंती ते कोणाला काढू देत नाही.