सगळ्यांनी सही केलेली सूचना

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे, आणि मला माझ्याच अंगाची किळस येते. किरगिझ डोंगरांतल्या एका इस्पितळात, मुलांच्या विभागात, मी परिचारिकांच्या खोलीबाहेर टांगलेला आहे. नवा होतो तेव्हा डॉक्टर थांबून मला वाचत. आता अंगभर गंजलेल्या टाचण्या, वाळलेला डिंक आणि बोरसोकांचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, तेलकट ठसे आहेत.

आमच्याकडे रीत अशी, की नवी सूचना आली की प्रत्येकाने तिच्याखाली 'वाचले' म्हणून सही करायची. वाचायचे की नाही, ते ज्याने त्याने पाहावे.

वसंतात सूचना आली: झटक्यांवरचे औषध यापुढे दुप्पट तीव्र येईल, मात्रा निम्मी करा. मुख्य परिचारिका बुरुल यांनी ती माझ्यावर टोचली आणि हाक मारली, "या गं, सह्या ठोका. चहा निवतोय."

डॉक्टर सापार एका हातात बोरसोक धरून आले. "काय आहे यात?"

"असतंय काहीतरी. वरून आलंय."

त्यांनी सही केली, बोटे मलाच पुसली. बुरुलबाईंसह बाकीच्यांनीही सह्या ठोकल्या. मग बुरुलबाईंनी त्याच सूचनेवर नोरूझ सणाच्या मेजवानीचा रंगीत कागद डकवला.

पुढच्या आठवड्यात झटके येणाऱ्या लहानग्या अक्मातला सकाळी नव्या बाटलीतला नेहमीसारखा पूर्ण चमचा मिळाला. दुपारी तो काही केल्या उठेना. त्याची आई जिबेक बुरुलबाईंकडे धावत आली. "ताई, बाटली वेगळी दिसतेय, असं मी सकाळीच म्हटलं होतं."

"अगं, आम्हाला शिकवतेस? सगळ्या सूचना वाचल्यात आम्ही. बघ जा, सह्या आहेत."

जिबेकने खरेच बघितले. मेजवानीचा कागद तिने टराटरा फाडला. "मात्रा निम्मी करा, असं लिहिलंय इथं. आणि खाली तुमची सही."

बुरुलबाईंनी डॉक्टरांना हाका मारल्या. सापार धावले, प्राणवायू लावला. पोराचा श्वास इतका मंद, की जिबेक त्याच्या नाकापाशी हात धरून बसली. संध्याकाळी त्याने डोळे उघडले.

आता तरी ही माणसे सुधारतील, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सापारांनी नवा कागद लावला: 'यापुढे प्रत्येक सूचना नीट वाचावी.'

"काय आहे यात?" एकीने विचारले.

"कर गं सही. तपासणीवाले यायचेत."

आणि सगळ्यांनी केल्या.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू द्या, चालेल. पण वाचल्याशिवाय 'वाचले' म्हणू नका. त्या कागदाच्या भरवशावर कुणाचे तरी लेकरू निजलेले असते.