अधीन

तिसऱ्या बाळंतपणात पंचफुला मरता मरता वाचली. दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी तेजरामला बाजूला घेऊन बजावलं, "चौथं राहिलं तर बाई हाती लागणार नाही. मूल बंद होण्याचं ऑपरेशन करून टाका. तुमची सही लागेल."

तेजरामनं सही केली नाही. तो भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर फिटर होता. दारूला न शिवणारा, खुर्सीपारच्या टिनाच्या ख्रिस्ती देवळात दर रविवारी पुढं बसणारा. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता. "लेकरं देवाचं दान हाय," तो म्हणायचा, "आन् नवऱ्याचं आयकणं हा बायकोचा धर्म."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं पंचफुलाच्याही कानी आलं होतं. ती तिन्ही मुलींजवळ निजू लागली. तेजरामनं काही दिवस वाट पाहिली. मग एका रविवारी, उपासना संपल्यावर, त्यानं तिला पाळकांसमोर उभं केलं.

पाळक सौम्यपणे म्हणाले, "ख्रिस्ती घरात नवरा मस्तक असतो, बाई. त्याच्या अधीन राहा. बाकी देवावर सोड."

"देवावर भरवसा हाय, पाळकसाहेब. पण मी मेली तर ह्या तिघी पोरींले कोण पाहील?"

पाळकांच्या पत्नी सिंधुताई सतरंज्या गुंडाळत होत्या. त्यांनी हातातलं काम टाकलं. "आन् नवऱ्यानं काय करावं, ते बी सांगा ना! ख्रिस्तानं मंडळीसाठी, आपल्या लोकांसाठी, जीव देल्ला. इथं नवरा बायकोचा जीव मागून राहिला. हे कोणतं प्रेम?"

तेजरामचा चेहरा उतरला. आता तो हो म्हणेल, असं पंचफुलाला वाटलं.

"सिंधू, चूप राह्य," पाळक म्हणाले.

 सिंधुताईंनी वाकून सतरंजी उचलली.

पंचफुलाचा धीर तिथंच सुटला. शिकलेली ही बाई एका शब्दात गप्प होते, तर आपलं काय? आईबाप राहिले नव्हते, आणि गोंदियाकडच्या भावानं तिला लेकरांसकट ठेवून घेतलं नसतं. ती पुन्हा नवऱ्याजवळ निजू लागली.

पावसाळ्यात तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात अंग सुजलं, उठवेना. पाळक प्रार्थनेला आले, सोबत सिंधुताई होत्या. पाळकांनी डोळे मिटले तोच पंचफुला म्हणाली, "थांबा. ताई, माह्या पोरी तुमी घेऊन जा."

"असं कावून बोलून राहिली?" तेजराम कळवळला. "मी का तुया मरणावर टपलो?"

"नाई. तुमी चांगले हाय. म्हणून तर तुमचं आयकलं."

तो उठून धावत गेला. ठेकेदाराचा ट्रक आणून त्यानं तिला दुर्गला नेलं. "कुठं सही करू, सांगा," तो दारातूनच म्हणत होता. डॉक्टरीणबाई घाईनं आत गेल्या. मुलगा झाला, पण रडला नाही. मागोमाग पंचफुलाही गेली.

मातीच्या वेळी सिंधुताई धाकटीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पाळकांनी सुरुवात केली, "आपली ही बहीण आज्ञाधारक पत्नी..."

"ते नका म्हणू," तेजराम ओरडला. "पाय पडतो, पाळकसाहेब, तेवढं नका म्हणू."