संसार तापतोय!

देवासच्या मराठी मंडळाची गच्ची म्हणजे मे महिन्यात नुसता पोळ्यांचा तवा! खालच्या सभागृहात नववीतली उर्वशी लहान मुलांना नाच शिकवायची. यंदा नाचता नाचता छोट्या चिऊला उकाड्यानं चक्कर आली आणि अध्यक्ष उमाशंकरकाकांनी वर्गच बंद केला.

“काका, गच्चीला पांढरा चुना लावू या. ऊन परत फिरतं, खाली गार राहतं.”

“सभेत मांड. आधी माणसं तर जमव!”

हवामानावरच्या सभेला कुत्रं फिरकणार नाही, हे उर्वशीला माहीत होतं. तिनं झकास पोस्टर रंगवलं: ‘संसार वाचवा! संसार रोज तापतोय! उपाय आपल्याच हाती. आज सहा वाजता, गच्चीवर.’

सहाला गच्ची फुल्ल!

सगळ्यांत पुढे उमाशंकरकाकांच्या विनोदिनीकाकू. “कोणाचा गं मोडतोय?” त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात काका लालबुंद होऊन आले. “विनोदिनी! आपलं भांडण भिंतीवर चिकटवलंस?”

“अगंबाई, मला वाटलं तुम्हीच चिकटवलंत!”

“बावळट,” तिच्या वर्गातला मयुरेश उर्वशीच्या कानाशी कुजबुजला, “दुनियेला संसार हिंदीत म्हणतात. मराठीत म्हणजे नवरा-बायकोचं घर!”

“मर गए भिया!” तिच्या तोंडून देवासची हिंदीच निघाली. उर्वशीला वाटलं, पाण्याच्या टाकीत उडी मारावी. पण एवढी गर्दी परत कधी मिळणार? तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीच खोचली.

“तुमचाच तापतोय काका! माझाही, सगळ्या जगाचाही. चपला काढा!”

चपला निघाल्या आणि गच्चीवर एकच नाच सुरू झाला. काकू टुणटुण उड्या मारू लागल्या. काका मात्र अध्यक्षासारखे ताठ, फक्त पायाची बोटं आखडलेली.

“एवढं काही... नाहीये...”

कोपऱ्यातला एक तुकडा उर्वशी-मयुरेशनं आदल्या दिवशी गुपचूप चुन्यानं रंगवला होता. तिनं काकांना हात धरून तिथं उभं केलं. काकांनी डोळे मिटले. हलेचनात.

“अहो, सरका की!”

“थांब गं जरा.”

काकू घुसल्या. मागून सगळं मंडळ घुसलं. एवढ्याशा पांढऱ्या तुकड्यावर देवासची अर्धी मराठी मंडळी एकमेकांच्या पायांवर उभी!

“चुन्याचा ठराव,” गर्दीतून काकांचा चेपलेला आवाज आला. “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

हात कोणाचेच निघेनात.

“काका, तोंडी चालेल?” उर्वशी ओरडली.

“चालेल, पण लवकर! कोणीतरी माझ्या अंगठ्यावर उभं आहे!”

“मंजूर!”

“आणि माझा वर्ग?”

“चुना वाळला की लगेच,” काका म्हणाले. “आता मला बाहेर काढा.”