चालू रंग

"अब्बा, आपल्या घरात सगळं पिवळंच का आहे?"

माझ्या मैत्रिणी स्वरूपा आणि विजयश्री मला केव्हाच्या कोपरानं ढोसत होत्या. "विचारून दाखव, तर तुला मानलं!" वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला कुणी असं म्हटलं की जीभ आवरतच नव्हती. विचारलं. तेही स्टेजवरच्या खणखणीत आवाजात.

खरंच होतं सगळं पिवळं. रस्ता खोदायच्या यंत्रांचा असतो ना, तो पिवळा. स्टूल, बाल्कनीची जाळी, कपडे वाळत घालायचा स्टँड, अम्मीच्या शिलाई मशीनचे पायसुद्धा. अब्बा कुरुळीला पावडर कोटिंगच्या कंपनीत लाइनवर पार्ट टांगायचे. हुकाला पार्ट लावला की साखळी पुढे सरकते, फवाऱ्याच्या गनसमोर त्याच्या अंगावर रंगाची पावडर उडते आणि भट्टीत भाजून तो चकचकीत बाहेर येतो. मधला एखादा हुक रिकामा गेला की त्यावर कुणाच्या तरी घरचं काहीतरी चढायचं. साहेब बघून न बघितल्यासारखं करायचे. रिवाज एकच, न बोलता पाळायचा. लाइनवर जो रंग चालू असेल तो घ्यायचा. मागायचा नाही.

अब्बा हसले. "चालू रंग आहे तो, बेटा. आमच्यात घर बघून ओळखतात, माणूस कुठल्या कंपनीत आहे ते."

स्वरूपा खुदकन हसली. "मग इफ्फतची सायकलपण पिवळीच ना, काका? स्कूल बस!"

मीही हसले. हसता हसता म्हणाले, "छे! माझी निळी होणार. हो ना, अब्बा?"

अब्बांनी स्टुलावरचा हात हळूच काढून घेतला. "बघू," म्हणाले.

सायकल म्हणजे तेव्हा नुसता सांगाडा होता. गिअरची जुनी माउंटन बाइक, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, काळेवाडीच्या भंगारातून आम्ही दोघांनी उचललेली. चाकं नाहीत, पुढच्या चाकाचा चिमटा वाकडा, पेडलच्या जागी भोक. पण लोखंड असं दणकट की अब्बांनी बोटानं टिचकी मारली आणि कान लावून म्हणाले, "जिवंत आहे." सुट्टीच्या दिवशी आम्ही एकेक भाग शोधत हिंडायचो. मी गिअरबद्दल व्हिडिओ बघायचे, अब्बा पाना धरायचे. फक्त रंग राहिला होता.

आणि एका संध्याकाळी अब्बा फ्रेम घेऊन आले. निळी! मी किंचाळलेच. दोन-तीन दिवसांत चाकं बसवली, चेन चढवली, रहाटणीच्या चौकापर्यंत चक्कर मारली. स्वरूपानं फोटो काढले. अब्बा दारातून बघत होते, हात खिशात.

त्या आठवड्यात ते चमच्यानं जेवायला लागले. डाळभातसुद्धा. मी म्हणाले, "काय अब्बा, साहेब झालात की काय!" अम्मीनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं मीठ कमी पडलं असेल.

गणराजकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. अब्बांच्याच लाइनवर ते गन मारतात. परवा पार्किंगमध्ये मी सायकल पुसत होते, तर ते थांबले.

"ह्याच फ्रेमनं घोळ केला बघ."

"म्हणजे?"

"अजिमभाईंनी सांगितलं नाही? तुझ्या अब्बांनी?" ते जरा घुटमळले. "लाइनवर निळ्याचं एक सॅम्पल होतं. अजिमभाई म्हणाले, गन साफ करायच्या आधी पोरीची एवढी फ्रेम मार. मारली. मग साफसफाई झाली घाईत, पाइपात निळी पावडर राहिली. मागून आले पिवळे पार्ट. सगळ्यांवर निळे ठिपके! सगळा लॉट रिजेक्ट."

"मग?"

"गन माझी होती गं. पण अजिमभाईंनी सगळं स्वतःवर घेतलं. रंग मी मागितला, म्हणाले. आता मागच्या शेडमध्ये बसून ते पार्ट घासतायत. हातानं, पॉलिश पेपरनं." त्यांनी सीटवरून हात फिरवला. "आणि घरचं टांगणं बंद झालं. सगळ्यांचंच. आईचा वॉकर रंगवायला न्यायचा होता मला, पार गंजलाय. असो. सायकल झकास झाली हां."

ते गेले. माझे कान तापले होते. चमचा. खिशातले हात. आणि मी, साहेब झालात की काय!

मी सायकल वर नेली आणि पाना घेऊन बसले. चाकं, चेन, पेडल, सगळं उतरवलं. परत नुसता सांगाडा. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले.

अब्बा शिफ्टवरून आले आणि दारातच थांबले. "अगं! हे काय केलंस?"

"घासणार आहे."

"वेडी आहेस का? भट्टीतला रंग आहे, सहज निघत नाही तो. राहू दे, छान दिसतो निळा."

मी त्यांचा हात धरला. बोटांच्या टोकांची साल गेली होती. त्यांनी तो सोडवून घेऊन पाठीमागे लपवला, लहान मुलानं लपवावा तसा.

अम्मीही येऊन उभी राहिली. मी दुकानातून आणलेले पॉलिश पेपर जमिनीवर मांडले.

"रविवारी आधी गणराजकाकांच्या आईचा, इंदुआजींचा वॉकर घासणार. मग सायकल. दोन्हींना पिवळाच रंग, डबा आणि ब्रश आणलाय. आणि अब्बा, तुम्ही हात लावायचा नाही. स्वरूपाला आणि विजयश्रीला बोलावलंय मी घासायला. बसतील आपल्या पिवळ्या स्टुलांवर."