पुडीवरचा काळा गोल

मी एक काळा गोल आहे. नीट सांगायचं तर रबरी शिक्का. वर लाकडी मूठ, तळाशी चिकटवलेलं रबर आणि त्यावर अठन्नीएवढं पूर्ण भरलेलं वर्तुळ. धंतोलीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. बोलायची मला सवय नाही. शिक्क्याला एकच काम येतं, तेच ते पुन्हा उमटवायचं. तेवढंही मला नीट जमतं का, याची हल्ली खात्री वाटत नाही.

माझा जन्म सीताबर्डीवरच्या एका शिक्के बनवणाऱ्याच्या दुकानात झाला. डॉक्टर मधुसूदन स्वतः कागद घेऊन आले होते. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"साहेब, यात कोरायचं काय? नुसते गोल तर आहेत."

"गोलच हवेत," डॉक्टर म्हणाले.

तसे आम्ही तिघे भाऊ झालो. थोरला पांढरा, म्हणजे नुसती कडा. मधला अर्धा काळा. धाकटा मी, सगळाच काळा. दिवस कोरा असतो ती सकाळ, अर्धा संपतो ती दुपार, पुरा संपतो ती रात्र. डॉक्टरांनी ही कल्पना विलायतेत शिकत असताना वहीच्या कोपऱ्यात काढून ठेवली होती म्हणे. मलाही ती फार सुंदर वाटली. आपल्यात काहीतरी खोल अर्थ आहे असं कुणाला वाटत नाही?

आमच्या आधी त्या टेबलावर दुसरेच तिघे होते. डॉक्टरांचे वडील, ज्यांना सगळे भैय्याजी म्हणत, त्यांनी ते करवून घेतलेले. कोंबडा, जेवणाचं ताट आणि बाज. कोंबडा आरवला की एक गोळी, ताटावर बसलं की एक, बाजेवर पाठ टेकायच्या आधी एक. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती चित्रं होती. भैय्याजी गेले आणि दवाखाना मुलाकडे आला. एकदा डॉक्टरांचे कुणी विलायतेतले मित्र भेटायला आले. त्यांनी पुडी हातात घेतली आणि विचारलं, "हे औषध कोंबडीच्या रश्श्याबरोबर घ्यायचं का?" सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते असं कंपाउंडर गणपतराव सांगतात. पुढच्याच आठवड्यात आम्ही आलो. जुने तिघे झिजलेले होतेच, ते कचऱ्यात गेले.

पहिल्या दिवसापासून लोकांनी आम्हाला नावं ठेवली. काटोलकडचे चंपतराव पुडी डोळ्यांपाशी नेऊन म्हणाले, "गणपतराव, कोंबडा कुठी गेला गा?"

"उडवला डॉक्टरसाहेबानं."

"आन हे काय होय? बटनं हायत का?"

"ते सकाळ-दुपार-रात्र होय."

"याच्यात सकाळ कोनती?"

"पांढरी."

"मंग मी गोळी केव्हा घ्याची, आरवल्यावर का उजाडल्यावर? त्याच्यात लय फरक असते ना बापा!"

एक बाई म्हणाली, भैय्याजी असते तर असं झालं नसतं. एकानं मला पाहून विचारलं, "शाई सांडली का?" गणपतराव आधी सगळ्यांना समजावून सांगत. पुढे पुढे रांग लांबली की चिडायचे आणि मग नुसते "वर पाहून घेजा" म्हणून खिडकीतून पुडी सरकवायचे. डॉक्टर आतून ऐकत असत. सवय होईल, असं ते म्हणत. मोठ्यानं म्हणत, म्हणजे ते स्वतःलाच सांगत होते हे मला कळत होतं. मीही तेच स्वतःला सांगत होतो.

श्रावणात रुखमाबाई आली. काटोलजवळच्या खेड्यातून, बसनं. बरोबर लेक जयवंता. जयवंताला झटके येत. कळमेश्वरला दिली होती, नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. दोनदा अंगणात पडली तशी सासूनं तिला माहेरी आणून सोडलं. दिवाळीपर्यंत झटका आला नाही तर नांदायला घेऊ, नाही तर पोरगी तुमच्याकडेच ठेवा, असं तिनं बजावलं होतं. रुखमाबाईनं हे सगळं डॉक्टरांना एका दमात सांगितलं. जयवंता खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

डॉक्टरांनी नीट तपासलं. "बरी होईल," ते म्हणाले. "पण औषध चुकवायचं नाही. एकच गोळी आहे. कशी घ्यायची ते पुडीवर असेल."

एकच गोळी, रात्रीची. म्हणून त्या पुडीवर फक्त मी उमटलो. थोरला नाही, मधला नाही. त्या दिवशी खिडकीपाशी गर्दी होती. गणपतरावांनी पुडी दिली आणि म्हणाले, "वर जसं हाय तसं देजा, बाई."

रुखमाबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी आता टोमण्याची वाट पाहू लागलो. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पटल्यासारखं दिसलं. तिनं मान हलवली, पुडी कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत जपून ठेवली. इतके दिवस सगळे मला हसत होते. ही पहिलीच बाई, जिला मी कळलो. त्या दिवशी मी किती सुखावलो होतो, ते आठवलं की आता माझं रबर आकसतं.

भाद्रपदात त्या पुन्हा आल्या. जयवंताचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. चुलीपाशी भाकरी थापत असताना झटका आला आणि हात विस्तवात गेला. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली. मग रुखमाबाईकडून पुडी मागून घेतली. ती जवळजवळ भरलेली होती.

"गोळ्या का नाही दिल्या?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मी बजावून सांगितलं होतं ना, चुकवायचं नाही म्हणून? पोरीचा हात गेला असता! तुम्हा लोकांना सांगावं तरी किती?"

रुखमाबाई गांगरली नाही. तिला राग आला.

"चुकवली कुठी जी? अमावस्येले देल्ली ना! उपाशीपोटी देल्ली, देवापुढं बसवून देल्ली."

"अमावस्येला? अमावस्येला कुणी सांगितलं?"

"तुमीच त छापून देल्लं."

रुखमाबाईनं डॉक्टरांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एका औषध कंपनीचं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. एका तारखेच्या चौकोनात पांढरा गोल होता, पौर्णिमेचा. आणि दुसऱ्या एका चौकोनात भरलेला काळा गोल.

"आमच्याही घरी असंच हाय. मले अक्षर नाही येत, पण तिथी पाहाले येते," ती म्हणाली. "झटके अमावस्येलेच जोर करते म्हनते सारे. मले वाटलं, डॉक्टर हुशार हाय, त्याईले बरोबर माईत हाय."

डॉक्टर उठले, बाहेर आले, गणपतरावांच्या टेबलावरून मला उचललं आणि आत नेऊन एका कोऱ्या कागदावर दाबलं. तो कागद त्यांनी भिंतीवरच्या अमावस्येशेजारी धरला. आमच्यात काहीही फरक नव्हता. मलाही सांगता आलं नसतं यातला मी कोणता.

त्यांनी कागद खाली ठेवला.

"मावशी," ते म्हणाले, "ही गोळी रोज द्यायची. रोज रात्री झोपायच्या आधी. मी चुकीचं चित्र काढलं."

"रोज?" रुखमाबाईनं खात्री करून घेतली. "म्हंजे आता रोज अमावस्या समजाची का?"

जयवंता खुदकन हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं. डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला काढून टाकायचं ठरवलं. पण माझ्या जागी काय आणायचं, हे या खेपेला मनानं ठरवायचं नाही, म्हणून ते येईल त्याला विचारू लागले. बाज काढा, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, आम्ही दुपारीही बाजेवरच पडतो. दिवा काढू म्हटलं तर एकीच्या देवघरात दिवा सकाळी लागे. चंद्र? "मंग पौर्णिमा समजन की!" हे खुद्द रुखमाबाईच म्हणाली. घुबड सुचवणाऱ्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. गणपतरावांनी मधे दोन दिवस हातानं बाज काढून पाहिली, तर चंपतराव म्हणाले, "ही बकरी कायले काढली गा?"

म्हणून मी अजून इथेच आहे. फक्त आता पुडी देण्याआधी गणपतराव विचारतात, हे काय दिसून राहिलं तुमाले, सांगा. प्रत्येकाला. रांग दारापर्यंत जाते आणि लोक त्यालाही नावं ठेवतात. कुणाला मी विहीर दिसतो, कुणाला तीळ, कुणाला काजळाचं बोट. माझा तो खोल अर्थ आजवर एकालाही आपणहून दिसलेला नाही. शाईच्या गादीवर पडलो की मला धास्ती वाटते. तिकडे घरी कुणीतरी मला समोर ठेवून काय करत असेल?

दिवाळी उलटून गेली आणि एक दिवस जयवंता खिडकीशी आली. हातावर डाग होता, पण बोटं नीट हलत होती. नवरा बाहेर सायकल धरून उभा. रोजची गोळी सुरू झाल्यापासून तिला एकही झटका आला नव्हता. सासू घेऊन गेली होती.

गणपतरावांनी पुडी बांधली आणि मला उचललं.

"शिक्का मारू नका जी," जयवंता म्हणाली.

"काहून वं?"

"सासूबाई रोज कॅलेंडर पाहते. पुडीवर काळं दिसलं का म्हनन, सून अमावस्येचं काई करून राहिली. मंग झालं माहं नांदनं."

"आन तू इसरली तं?"

"रोज रात्री, झोपाच्या आंधी, एक. चुकवाची नाही," ती धडा म्हणावा तशी म्हणाली. आणि हसून पुढे, "हात जळल्यावर कोन इसरन?"

गणपतरावांनी दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. मी पुडीच्या वर हवेत तसाच थांबलो होतो, शाई लागलेला. मला खाली ठेवलं गेलं. कोरी पुडी जयवंताच्या हातात गेली.

इतक्या पुड्यांवर मी उमटलो, पण सगळ्यात निर्धास्त वाटलं ते त्या एका पुडीवर न उमटता.

पण प्रत्येकजण जयवंता नसतो. तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत, रात्रीचीच गोळी आहे, आणि गणपतरावांना आज सकाळपासून डोकेदुखी आहे. ते मला पुन्हा गादीवर दाबताहेत. मी उमटेन, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही इथे रांगेत असाल तर माझं एवढं ऐका. गणपतराव विचारायला विसरले, तर त्या म्हाताऱ्याला तुम्ही विचारा, की बाबा, हे तुम्हाला काय दिसतंय?