गच्चीवरची दोरी

“गच्चीवर पताका कुणी लावल्या, बाई?” फाटकात थांबून संस्थेच्या अध्यक्षांनी मान वर केली. मी त्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. वर दोरीवर फुलाफुलांच्या कापडी घड्या ऐटीत फडफडत होत्या.

हा सगळा उपद्व्याप आमच्या सफाईच्या मावशींचा. तिन्ही मजल्यांवरचे वापरलेले पॅड मागच्या पत्र्याच्या पिंपात जाळायचं काम त्यांच्याकडे होतं. ते धड जळत नसत. प्लास्टिक वितळून बुडाशी बसे आणि धूर मावशींच्या छातीत. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, धूर सोडा नाहीतर काम सोडा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मावशी काम सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी जुन्या चादरी फाडून पॅडऐवजी वापरायच्या घड्या शिवल्या आणि खोल्याखोल्यांतून मुलींना गळ घातली.

मुली तयार झाल्या, पण वाळत घालताना वरून टॉवेल टाकू लागल्या. त्यांना तरी काय बोलणार? आमच्या लहानपणी ही फडकी परकराखाली वाळत. सूर्यालासुद्धा कळता कामा नये, अशी आईची शिस्त. मग ती वाळणार कशी, हे विचारायची सोय नव्हती. मुलींच्या घड्याही ओलसर राहिल्या, कुबट वास येऊ लागला आणि सहा जणी पुन्हा विकतच्या पॅडकडे वळल्या. पिंप पुन्हा पेटलं.

मग मावशी रोज सकाळी गच्चीवर जाऊन सगळे टॉवेल उचलून आणू लागल्या आणि आपल्या कपाटात कुलूपबंद करू लागल्या. आठवड्याभरात अंग पुसायला टॉवेल उरेनात, तेव्हा मुलींनी हात टेकले. घड्या उघड्यावर आल्या त्या अशा.

आणि नेमके त्याच दिवशी अध्यक्ष आले. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. सजावट त्यांना फारच आवडली होती. निम्म्या पताका इथे फाटकावर बांधा, म्हणाले. खरं कळलं तर दोरी आजच उतरणार, हे मला दिसत होतं. थाप मारायला मी तोंड उघडलं, तोच मावशी झाडू भिंतीला टेकवून पुढे आल्या.

“साहेब, पताका नाहीत त्या. पोरींच्या महिन्याच्या घड्या आहेत. उन्हात वाळल्या नाहीत तर मला पिंप पेटवावं लागतं.” आणि खोकल्या.

अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं नाडी सुटली असावी.

“ऊन चांगलं आहे आज,” ते शेवटी म्हणाले. “वाळू द्या.”

त्यानंतर त्यांनी पहिल्या मजल्याच्या वर कधी नजर टाकली नाही. पुढे गच्ची गळू लागली, तेव्हाही नाही.

पिंप थंडावलं. खोकला मात्र गेला नाही. दोन वर्षांनी निरोपाच्या दिवशी मुलींनी विचारलं, मावशी, तुम्हाला काय देऊ? त्यांनी ते पिंप मागून घेतलं.

मागे एकदा त्यांच्याकडे गेले होते. दारापुढे दोरीवर नातीच्या घड्या उघड्यावर वाळत होत्या. मावशी पालथ्या पिंपावर बसून हळूहळू श्वास घेत होत्या. मला पाहून त्या जरा सरकल्या आणि शेजारची जागा पदराने पुसली.

“बसा बाई. गार आहे आता.”